शनिवारचं स्टूल

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, संस्थेचे पदाधिकारी, माझे सहकारी, पालक, विद्यार्थी मित्रांनो, आणि आज निरोपाच्या दिवशी कधी नव्हे ते खुर्चीत स्वस्थ बसलेल्या आमच्या मुख्याध्यापक बाई, सर्वांना माझा नमस्कार.

मी भूगोल शिकवते. भाषण लिहून आणलं आहे, कारण भावनेच्या भरात आठवणी आपल्याला हव्या तशा वळतात. तरी कुठे चुकले तर बाई, नेहमीसारखा घसा खाकरा. मला कळेल.

बाईंनी शाळेत आणलेल्या सुधारणा आधीच्या वक्त्यांनी सांगितल्या. मी एका लाकडी स्टुलाबद्दल बोलणार आहे. दर शनिवारी शेवटच्या तासाला ते अंगणात झाडाखाली मांडलं जायचं आणि त्यावर गावातलं कुणीतरी जाणतं माणूस बसायचं. कुणी माती ओळखायला शिकवली, कुणी झाडपाला. बाईंचा नियम एकच होता, शाळेचा पगार घेणाऱ्याने त्या स्टुलावर बसायचं नाही. “शिक्षक बसला की धडा सुरू होतो,” असं त्या म्हणायच्या. स्वतः त्या मुलांच्या मागे उभ्या राहायच्या.

त्या स्टुलावर सगळ्यांत जास्त शनिवार बसले ते माझे वडील. ते नावाडी होते. तोंडाचा पट्टा असा, की नदीनेसुद्धा कान झाकून घ्यावेत. नदीवरच्या प्रत्येक वाऱ्याला त्यांच्याकडे नाव होतं. त्यातला एक ‘चोरटा’. वळणाआडून हळूच येतो, आणि तो आला की दुपारी पाणी उसळतं, असं त्यांनी मुलांना छातीठोकपणे सांगितलं.

बाईंनी मुलांना सांगितलं, बघा आणि लिहून ठेवा. मुलांनी बघितलं. चोरटा यायचा, पाणी काही उसळायचं नाही.

एक मुलगी म्हणाली, “आजोबा, पाणी तर झोपलंय.”

“झोपलं नाही गं. सोंग घेतंय.”

सोंग काही संपेना. मग वडिलांनी शाळेत येणंच बंद केलं. शाळेची अब्रू राखायची तर विषय तिथेच मिटवता आला असता. जुन्या माणसांचा मान ठेवा, वह्या मिटा. किंवा उलट, जुनं ते सगळं खुळचट, असंही म्हणता आलं असतं. बाई यातलं काहीच न करता आमच्या घरी आल्या.

“पोरांनी मला खोटं पाडलं,” वडील म्हणाले.

“खोटं नाही पाडलं. विचारलं.”

“सारा जन्म नाव हाकली मी, बाई.”

“खरंय. पण पूल झाल्यावर तुम्ही नाव सोडलीत. त्यानंतर वाऱ्याला पुन्हा भेटलात का?”

वडिलांनी उठून खिडकी उघडली आणि वाऱ्यात हात धरून पाहिला. 

पुढच्या शनिवारी ते स्टुलावर बसलेच नाहीत. मुलांना घेऊन थेट पुलाखाली गेले. कापडाच्या पट्ट्या काठ्यांना बांधून मुलं कानात वारं शिरल्यासारखी काठावरून धावत होती. चोरटा पुलाच्या खांबांवर आपटून दुभंगत होता आणि पाणी उसळत होतं ते पलीकडे, वीटभट्टीच्या काठाला. त्या नव्या वाऱ्याला मुलांनी नाव दिलं, ‘फुटका’.

“हे काय नाव झालं?” वडील कुरकुरले. आठवड्याभराने घरी खिडकीशी उभे राहून मला म्हणाले, “दार लोटून घे गं. फुटका सुटलाय.”

वडील गेल्या वर्षी गेले. घरात आता वाऱ्याला कुणी नावाने हाक मारत नाही. पण व्हरांड्यातून जाताना एखादं पोर सहज म्हणतं, “फुटका आला रे,” आणि मी हातातला खडू घेऊन तशीच उभी राहते. वर्गात जायला उशीर होतो. ही सबब आहे की खरं कारण, हे मी स्वतःलाही विचारलं आहे.

वडिलांनंतर स्टूल बहुतेक शनिवारी रिकामंच राहिलं. जाणती माणसं कमी झाली, असं आपण म्हणतो. अध्यक्ष महोदय, नव्या वेळापत्रकात तो तास सराव परीक्षेला दिलेला आहे. परीक्षा हव्यातच, माझा विरोध नाही. पण रिकामं स्टूल उचलून ठेवायला कितीसा वेळ लागतो? आणि एकदा ते अडगळीत गेलं, की पुन्हा कोण मांडणार?

एकदा मुलांच्या मागे उभं असताना बाई माझ्या कानाशी म्हणाल्या होत्या, “माझी आई सूत रंगवायची. रंगाचं पाणी जमलं की नाही, ते जिभेवर थेंब ठेवून सांगायची. मलाही कळायचं.” मी म्हटलं, मग मुलांना सांगा ना. बाईंनी स्टुलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “माझा पगार चालू आहे.”

बाई, घसा खाकरू नका. हे मी बरोबर सांगते आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, काही अधिकउणं झालं असेल, तर पदरात घ्यावं. अध्यक्ष महोदयांना एकच विनंती, तो तास आम्हाला परत द्यावा.

आणि बाई, उद्यापासून तुमचा पगार बंद होतो. शनिवारी मी स्टूल झाडाखाली मांडून ठेवते. मागे उभं राहायची पाळी आता माझी.