सरकती खोली

सिंगापूरमध्ये सेरंगूनला बसच्या रांगेत माझ्यापुढे एक मराठी जोडपं उभं होतं. ऑस्ट्रेलियाच्या सहलीसाठी भाड्याने घ्यायची कॅरॅव्हान, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, तो तिला फोनवर दाखवत होता.

“बटण दाबलं की ही भिंत बाहेर सरकते, मेधा. आणखी एक खोली तयार.”

“आणि अडकली तर?”

“हाताने आत घेता येते.”

“आपण दोघंच जातोय, प्रसन्न. जास्तीची खोली कशाला?”

“जरा ऐसपैस वाटतं.”

“तीन वर्षं एवढ्याशा फ्लॅटमध्ये राहतोय, तेव्हा नाही वाटलं. त्या खोलीतला पलंग कुणासाठी आहे?”

“आईंसाठी.”

“स्वतःच्या आईला तू अगं म्हणतोस. म्हणजे माझी आई?”

“हो. त्यांचा फोन आला होता.”

“दोन वर्षं माझा फोन उचलला नाही तिने.”

“माहितेय. तुला विचारायला घाबरत होत्या.”

“प्रवासात ती खोली आत घ्यावी लागत असेल ना?”

“हो. तेव्हा सगळ्यांनी पुढच्या गाडीत बसायचं.”

“मग आई कुठे बसणार?”

“मागे बसते म्हणाल्या. तुझ्या नजरेसमोर नको म्हणून.”

बस आली. रांग पुढे सरकली.

“मागे बसली की तिला मळमळतं,” ती म्हणाली. “मागे मी बसेन.”