उजवा पाय राहिला

हॅलो?… हॅलो, दादर का?… नीलाला बोलवा… तूच का? अगं, मी विष्णुमामा. उस्मानाबादच्या पोस्टातून बोलतोय.

…नाही, नाही, सगळे खुशाल आहेत. ट्रंक कॉल आला की कुणीतरी गेलंच, असं का वाटतं गं तुम्हा लोकांना?… बरं, ऐक. शामला पास झाली… व्हय, आत्ताच. सिव्हिल सर्जननी दाखल्यावर सही केली. कागद माझ्या खिशात आहे. दर दोन मिनिटांनी चाचपून बघतोय.

…रडतेस काय? मी नाही रडलो. म्हणजे दवाखान्यात नाही रडलो.

…हो, हो, पहिल्यापासून सांगतो, पण मधे बोलू नकोस, तीनच मिनिटं असतात. सकाळी तुळजापूरहून पहिल्या एस.टी.नं आलो. मी, तुझी मामी अन् शामला. लोहाऱ्याच्या मुलींच्या शाळेत नेमणुकीचा हुकूम आला, त्यातच लिहिलं होतं, पंधरा तारखेच्या आत डॉक्टरचा दाखला, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईला… व्हय, आज चौदा. अन् पाय कसा होता तुला ठाऊक आहे. तेरला लग्नाला गेली, नदीच्या पायऱ्यांवर घसरली, घोटा मोडला. प्लास्टर काढलं तर टाच जमिनीला टेकायला तयार नाही. नुसतं लाकूड. मी तर मनातनं नोकरीवर पाणी सोडलं होतं.

…तुझं पत्र? अगं, तेच सांगतोय ना. चार महिने, रोज सकाळी सहाला तुझं पत्र समोर ठेवून व्यायाम. देवपूजेच्या आधी. ताईची पोर मुंबईला बॅले नाच शिकते म्हणून मी किती हसलो होतो तुला… हसलो होतो, कबूल आहे. माफ कर.

…मला येतं का म्हणजे? पाठ आहे सगळं. पहिली पोझिशन, टाचा जुळवायच्या, बोटं बाहेर. प्लिए म्हणजे गुडघे वाकवायचे, पाठ ताठ. तांद्यू म्हणजे पाऊल जमिनीवरनं सरकवत पुढं न्यायचं, अंगठ्याचं टोक टेकलेलं, गुडघा सरळ. अन् रेलेव्हे म्हणजे टाच उचलून चवड्यावर उभं राहायचं. सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. आदळायचं नाही… बघ, मी आत्ता इथं करूनच सांगतोय. पोस्टमास्तर माझ्याकडं बघायलेत. बघू देत.

…बार? तो धरायचा दांडा तुमच्या क्लासात असेल गं. आमच्याकडं खिडकी उंच, ओटा बुटका. माझाच हात धरायची. कोपरातनं असा आडवा. मी खांबासारखा उभा राहून मोजायचो, एक, दोन, तीन, चार. पहिल्या महिन्यात एवढा भार टाकायची की कचेरीत लेखणी धरवायची नाही मला… आता नाही. आता नुसती बोटं टेकवते. कधी हलकी झाली, मला कळलंच नाही.

…काय, ऑपरेटरबाई? तीन मिनिटं झाली? अजून तीन द्या… हॅलो, नीला? हो, हो, दवाखाना. डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, खाली बसून उठा. बसली, उठली. चालून दाखवा म्हणाले. चालली. मग म्हणाले, एका पायावर उभं राहून टाच उचला. भोवती नुसती फरशी. धरायला काही नाही, नीला. अन् माझा हात सोडून तिनं ते कधी केलंच नव्हतं. मी दारात उभा. बघतोय तर माझा हात आपोआप आडवा झालेला. तुझ्या मामीनं तो धरून खाली केला.

…केलं. केलं की. डाव्या पायावर, मोडलेल्या. सावकाश वर गेली, थांबली, सावकाश खाली आली.

…थांब, एवढ्यात खूश होऊ नकोस. मग डॉक्टर म्हणाले, आता उजवा… उजवा, म्हणजे चांगला पाय. अन् हिचा चांगला पाय लटपटायला लागला. टाच वर जाते न जाते तोच ही झोकांडली. डॉक्टरांनी कागद बघितला, पाय बघितला, परत कागद बघितला. मोडला होता तो नेमका कोणता, असं विचारलं त्यांनी.

…हसतेस काय? अगं, चूक माझी. तू स्वच्छ लिहिलं होतंस, आधी एक पाय, मग दुसरा. मीच सोडून दिलं. म्हटलं, धडधाकट पायाला कशाला तकलीफ? तीस वर्षं तहसिलीत कारकुनी केली. ज्या फायलीची तक्रार नाही, ती उघडायची नाही, ही सवय. शामला म्हणायची, बाबा, पत्रात दोन्ही लिहिलंय. मी म्हणायचो, गप, मोजू दे.

…मग काय, न बोलावता आत घुसलो. म्हटलं, डॉक्टरसाहेब, कसूर माझा आहे, पोरीचा नाही. तुझं पत्र काढून पुढं ठेवलं… व्हय, तेच, पावलांची चित्रं काढलेलं. त्यांनी सगळं वाचलं. रेलेव्हे कसं म्हणायचं तेही मलाच विचारलं. मग शामलाला म्हणाले, "मोडलेला पाय वडिलांनी नीट केला, चांगला आता तुम्ही सांभाळा." अन् सही केली.

…मी काय केलं? मी नुसतं मोजलं.

…आवाज बारीक झाला गं… ऐक ना, तुला नाच शिकवणाऱ्या त्या पारशी बाईंना माझा नमस्कार सांग. सोमवारी ही लोहाऱ्याला रुजू होणार. मघाशी बाहेर पायरीवर बसलो अन् वाटलं, चला, सुटलो, आता सहाला उठायला नको. तसं वाटलं अन् तिथंच रडलो. खोटं कशाला बोलू तुझ्याशी.

…शामला? ही काय, शेजारीच उभी आहे. काय गं?… थांब, नीला, ही काहीतरी म्हणतेय. परत म्हण… म्हणतेय, "सोमवारला अजून चार दिवस आहेत, बाबा. उद्या सहाला उठा. उजवा पाय राहिलाय."

…ऐकलंस का, नीला?… हॅलो?… हॅलो… गेली लाइन.

जाऊ दे. मी ऐकलंय ना.