गाडी जाण्याची वेळ

...नाही, फोटो काढा, त्याला माझी ना नाही — रस्त्याचे काढा, तटाचे काढा, फक्त घरात हळू बोला. पाणी मागितलंत म्हणून आत घेतोय. भगदाड? भगदाड नव्हे ते. रूळ शहरात आणायचे होते म्हणून तट फोडला, आणि त्याच दगडांवर रेल्वेची ही क्वार्टर उभी राहिली. वरच्या वेशीचे दरवाजे म्हणे राजाच्या हुकमाशिवाय हलत नसत. नसतील. खालचं रेल्वेचं फाटक माझ्या हुकमात होतं — मोठ्या साहेबाची मोटारसुद्धा ताटकळत ठेवलीय मी.

बसा. ही स्वयंपाकघरात आहे. तिनं विचारलंच, कशानं आलात, तर म्हणायचं, गाडीनं. हो, रूळ उखडलेत, मला नका सांगू — उखडताना मीच उभा होतो तिथे. तिला सांगितलं होतं, विसरली. सगळंच विसरते आता, मला कधी भाऊजी म्हणते, कधी नुसतंच बघते. मुलगा तेवढा लक्षात आहे. गाडीनं गेला, गाडीनं येणार. रोज मी म्हणतो, आज रजा मिळाली नसेल, उद्या येईल. बरं म्हणते आणि जेवते. गाडीच नाही म्हटलं तर? तर म्हणेल, चला, आपणच जाऊ. आणि तिथे जाता येत नाही — घर लहान आहे त्याचं. लहान कसलं, चांगलं ऐसपैस आहे, मी जाऊन आलो. चहा दिला, दारापर्यंत सोडायला आला, आणि दारात म्हणाला, बाबा, आईला आणू नका, पोरं घाबरतात. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? कुणाचे पाय धरायची सवय नाही मला. — पाणी प्या तुम्ही.

थांबा. उठली ती. बुरजावरचं ऊन उतरलं की उठते, घड्याळ लागत नाही तिला. दारातून बघा — फळीवरच्या कपांना हात लावून उभी राहिली. गाडी जाताना कप खाली यायचे, म्हणून आयुष्यभर असे धरलेत तिनं. आता वाट बघतेय. कसली म्हणजे, फळी थरथरायची. ही मधली भिंत लाकडी आहे, इकडून खांदा लावून हलवली की तिकडे कप वाजतात. रोज मीच हलवतो. कालपासून खांदा उचलत नाही. — इकडे या. असा लावा. हळू, मालगाडी नव्हती ती. हां. अजून. शेवटचा डबा राहिलाय... पुरे. गेली.

नाही गं, नाही आला. उद्या येईल — काय? कोणी नाही, वाट चुकलेला माणूस आहे. — येतेय ती. उठा तुम्ही. भेटायचं कशाला? तुमच्याच वयाचा आहे आमचा मुलगा. निघा. दार ओढून घ्या.