मूत्राशय काढलं, ताई

हॅलो? … हो, मीच, बाउक्या. … आवाज बारीक येतोय? पडून बोलतेय ना. … घरी नाही, हिस्काताई. हॉस्पिटलात. … अगं ऐक… ऐक ना! पुढच्या महिन्यात नाही, झालं ऑपरेशन. मागच्या मंगळवारी.

… हो, काढलं. अख्खं मूत्राशय. … का नाही सांगितलं? डॉक्टरांना फोन कोणी केला होता? ‘आमची बाउक्या खचलीये, तिच्या बोलण्यावर जाऊ नका’… त्यांनीच सांगितलं मला! … काळजी? मग मला करायचास फोन. पाठ मोडलीये माझी, डोकं नाही.

… हो, हो… सोळा वर्षं झाली, माहितीये. पण नावेच्या डोलकाठीवरून मी पडले, तू नाही. दिवसातून सहा वेळा लघवीची नळी मी घालत होते. या हिवाळ्यात चारदा ताप, हुडहुडी, सलाईन. उजवी किडनी जायच्या बेतात होती. … औषधं? सगळी झाली. इंजेक्शनंसुद्धा.

… नाही, तुला नाही माहीत. ईस्टरला भर चर्चमध्ये चाळीस जण गातायत, मी समोर हातांनी ताल देतेय, आणि खाली चाकाच्या खुर्चीची गादी भिजतेय. … छे, थांबवते कशाला? शेवटपर्यंत गाऊन घेतलं त्यांच्याकडून. मग घरी येऊन गादी धुतली. … तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, ‘सोड आता ते गाणं.’ … म्हणालीच असतीस!

… हो, पोटावर पिशवी. आतड्याच्या तुकड्याची वाट केलीये, लघवी तिथून पिशवीत येते. … काय? … परत म्हण. घाण? … सोळा वर्षं ओल्या चड्डीत बसले ती घाण नव्हती?

… ताई? … रडू नकोस गं.

… काय म्हणालीस? … दुखतंय का? … हे आज पहिल्यांदा विचारलंस. … हो, दुखतंय. कमरेखाली कळत नाही, पण वर कळतं ना! खोकला आला की जीव जातो. पण नऊ दिवसांत ताप नाही. एकदासुद्धा नाही.

… ये ना. शनिवारी ये. साखरेचा पाव आण, इथला कोरडा असतो. पण डॉक्टरांच्या खोलीत जायचं नाही. जे विचारायचं ते मला.

… थांब, नर्स आली. पिशवी बदलायचीये. … नाही, ती नुसती बघणार. मी बदलणार, आज पहिल्यांदा. … चल, ठेवते. दोन्ही हात लागतात याला.