आंब्याला मारलेले दोन बोल्ट

…आणि वर मलाच म्हणतात, ‘झाडच हाय ना ते!’ झाडच हाय! आता तुमीच सांगा बायांनो, नणंदेच्या हळदीला मांडवाची दोरी आंब्याला बांधली कोणी? आमच्या यांनी. सोडायची विसरलं कोण? आमचे हेच. दोरी डीजेच्या टेंपोला अडकलीय हे न बघता ‘येऊ दे, येऊ दे, सरळ येऊ दे’ करत हात कोण हलवत होतं? नाव घेत नाय मी, उखाण्यातच घेते फक्त! टेंपो पुढं गेला, दोरी ताणली, आणि कड्ड्ड… आंब्याची दोन खोडं फुटतात ना, ते बेचकं मधोमध फाटलं, माझा पंजा आत जाईल एवढं! कैऱ्या पटापट पंगतीत पडल्या, आणि माणसं काय करतात? मीठ मागतात!

मी घाबरत नाय हां. पण त्या आंब्याखाली माझ्या प्राचीची नाळ पुरलेली हाय.

तीन वर्षांची हाय पोरगी. बाळंतपण सासरीच झालं, सातव्या दिवशी नाळ सुकून पडली. सासूबाय ती पदरात बांधून, हातात खुरपं घेऊन परसात गेल्या, आंब्याकडं. मी खिडकीतून या डोळ्यांनी बघितलं. आणि माझी आई म्हणायची, नाळेवरचं झाड हिरवं तर लेकरू हिरवं. आता झाड फाटलं, त्याच संध्याकाळी पोरीला ताप! हे म्हणाले, ‘अगं, चार गोळे खाल्लेत तिनं बर्फाचे.’ चार नाय, तीन! चौथा यांनी खाल्ला. यांना आला का ताप?

दुसऱ्या दिवशी हे कोयता घेऊन हजर. ‘एक खोड तोडून टाकतो, सरपण होईल.’ मी झाडाला पाठ लावून उभी! म्हटलं, आधी मला तोडा. तर शेजारची ठकी कुंपणावरून, ‘अगं शेणमाती लिंप, सुतानं बांध, दूध वाह, जुळतंय का नाय बघ!’ लिंपलं. बांधलं. वाहिलं. दुपारी वारा सुटला आणि फट उघडतेय-मिटतेय, उघडतेय-मिटतेय, किर्र… किर्र… माती सगळी माझ्याच पायावर.

मग केला धाकट्या दिराला फोन. हर्षदभाऊजी मोहोपाड्याला कंपनीत फिटर हायत. आले, झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, टकटक केलं, म्हणाले, ‘वहिनी, तारेनं आवळायचं नाय, साल मरते. आरपार भोक पाडू, आटेवाली सळई घालू, दोन्हीकडनं वॉशर, नट… आवळून टाकू!’ आरपार! मी म्हटलं, भाऊजी, हळू बोला, पोरगी ऐकतेय.

पण त्याच्या आधी वरचा भार कमी करायचा, फांद्या छाटायच्या. मी घाबरत नाय हां, पण त्या सकाळी मी पोरीचे केस कानापर्यंत कापून घेतले. म्हटलं, काय छाटायचं ते केसांवर निभावू दे.

मग खोडांना गोणपाट गुंडाळलं, चेनपुली लावली, भाऊजी साखळी ओढतायत, फट मिटत आलीय, आणि हे बाजूला उभे राहून, ‘येऊ दे, येऊ दे…’ मी म्हटलं, तुमी तोंड बंद ठेवा, तुमच्या येऊ द्यानंच हे सगळं आलंय! मग ड्रिल. प्राचीला मांडीवर घट्ट धरून बसलेय, पोटावर दोन्ही हात. ड्रिल आत शिरलं, घर्रर्रर्र… आणि पोरगी फिदीफिदी हसायला लागली! ‘आई, गुदगुल्या!’ बघा! ठकीच्या अंगावर काटा आला काटा! हे म्हणतात, ‘अगं, तू तिचं पोट दाबतेयस!’ असेल. पण माणसानं नेमकं तेव्हाच हसावं?

दोन बोल्ट बसले. जगला बरं का आंबा! पावसाळा पार पडला, फटीच्या कडेला नवी साल आली, ओठासारखी. मी रोज सकाळी जाऊन नटाला हात लावून यायची. परवा सासूबायनी बघितलं.

‘काय गं, रोज काय चाचपतेस तिथं?’

‘आई, प्राचीची नाळ ना इथं.’

‘इथं? कोण बोललं? तिची पुरली मी पलीकडं, पपईखाली. आंब्याखाली तुझ्या नवऱ्याची हाय!’

तुमाला सांगते, हे तिथंच दात घासत होते. घासायचेच थांबले. ‘झाडच हाय ना ते’ म्हणणारा माणूस! दुसऱ्या दिवसापासून उठला की पाना घेऊन आंब्याकडं, तोंड धुवायच्याही आधी. भाऊजी ओरडले शेवटी, ‘दादा, आणखी आवळलास तर चिरडशील!’ तेव्हापासून नुसता हात लावून येतात. आणि कंबर दुखली की आधी झाड बघतात, मग बाम लावतात.

आणि माझी पपई? ती तर गेल्या वर्षीच यांनी उपटली, तिथं पाण्याची टाकी बांधली सिमेंटची. पोरगी तेव्हाही उड्या मारत होती, आताही मारतेय, गोळेही खातेय, तेव्हा आता चिंता सरली, असंच म्हणाल ना तुमी? मीही तेच म्हटलं. मी घाबरत नाय हां.

पण काल टाकीला बारीकशी चीर दिसली मला… हर्षदभाऊजींना फोन लावलाय.