रुबेनाचे भुईअजगर

—अगं, असा हात नको खुपसूस, आधी वरची नारळाची सोडणं काढ, एकेक करून. घाबरतेस कशाला? भुईअजगर कुणाला चावलाय? धरला की अंगाचा चेंडू करतो नि तुझ्या हातावर घाण सोडतो — संपली त्याची मर्दुमकी. हं, ही बघ! मादी आहे. कशावरून म्हणजे? जाडी बघ की, माझ्या मनगटाएवढी. नर हिच्यापुढे नुसती दोरी. नाक बघ कसं वर उचललंय, जशी काही गावची राणीच — पण जात गरीब. सापसुरळी खायची, उंदीर खायचा नि आठवडेच्या आठवडे पडून राहायचं. अंडी? छे, अंडी नाही घालत. पोटातच वाढवते, कितीतरी महिने, आणि मग एकदम तीस-चाळीस पिल्लं, काडीएवढी. लिही, लिही. साप मोजायला सरकार राजधानीतनं, होनियाराहून, ह्या मलाइता बेटावर माणूस धाडतंय, म्हणजे सरकारला दुसरं काम उरलं नाही — सुपारी खातेस? नको? मी खातो.

काय म्हणालीस? एवढा मोठा ढीग नि साप दोनच? जाळला होता ना हा. सात वर्षं झाली. तेव्हा ढीग रुबेनाचा होता — माझ्या भावाची बायको, सिलासची. सिलास मासे मारायला गेला नि बुडाला, ही मागे राहिली, मूल ना बाळ. खोबरं वाळवायची आणि ह्या सापांना जपायची. आमची माणसं साप दिसला की सुरा उचलतात, ही मध्ये उभी राहायची — उंदीर खातात, राहू देत. वर्ष सरलं तसं मी तिला विचारलं. दिरानं भावजयीला विचारलं, त्यात वावगं काय? शंखांच्या माळा, लग्नाचं देज म्हणून, एकदा दिलेल्याच होत्या तिच्या बापाला, घरातली बाई घरात राहिली असती. नाही म्हणाली असती तर गिळलं असतं मी. पण ती हसली. झऱ्यावर, चार बायकांदेखत. "इश्माएल, तू?" — एवढंच.

मग काय! पुढच्याच रविवारी तिच्या अंथरुणात साप निघाला. पांढरी मादी, पोटुशी. गाव गोळा झालं. म्हातारे म्हणाले, पूर्वज आलाय सांगायला, हिनंच नवऱ्याला खाल्लं. ती ओरडत होती, घर खांबांवर आहे, हा भुईवरचा जीव वर चढेल कसा? कोण ऐकतंय!

आता तूही तेच विचार. नाही चढत गं, असल्या गुळगुळीत खांबावर तर नाहीच. टोपलीतनं न्यावा लागतो, वर पानं टाकून. ती प्रार्थनेला गेलेली, दाराला कडी नाही — म्हणजे, नेला असेल कुणीतरी. टोपल्या काय, सगळ्यांकडेच असतात. हे लिहू नकोस. ठेव ती लेखणी खाली.

रुबेनाला अंगणात बसवलं. मादी मीच निखाऱ्यांवर टाकली. पळाली नाही, चेंडू करून बसली, मूर्ख. पोट फुटलं तशी पिल्लं बाहेर आली, काही जिवंत, वळवळत राखेतनं कडेला यायला लागली. मी पायानं आत ढकलली. एकेक. सावकाश. रुबेनाकडे बघत. "आता हस," म्हटलं. नाही हसली. मग ढीग पेटवला, आणि ती नेसत्या कपड्यानिशी आउकीच्या बाजाराला जाणाऱ्या ट्रकमागे चालत गेली, ड्रायव्हरनं वर घेतलंच नाही. नारळ आता माझे. अर्धं खोबरं उंदीर खातात. खाऊ देत.

का बघतेस अशी? तुला गं कोण म्हणालं, ह्या अंगणात साप आहेत म्हणून? एवढ्या मोठ्या बेटावर नेमकं इथंच —

रुबेना?

जिवंत आहे? बाजारात? खोबरेल विकते... बरी आहे म्हणतेस. नवरा केलाय? असू दे, असू दे, मला काय त्याचं. तिनंच सांगितलं तुला सगळं, साप कुठं बसतात, कधी वितात? तासभर बोलत होती? मग माझ्याविषयी काय म्हणाली? घाबरू नकोस, सांग. शिव्या घातल्या असतील. शाप दिला असेल. नाही? आठव ना नीट. ढीग कुणाच्या अंगणात ते तरी सांगितलंच असेल, नाव घेतल्याशिवाय तू इथवर आलीस कशी?

"असेल तिथं कुणीतरी, तो दाखवेल"?

कुणीतरी?

ऊठ. ती मादी ठेव खाली. ठेव म्हणतो ना! आणि चालायला लाग.