यार्डातली माती

चहा घ्या, सांगतो. भूकंपात घर गेलं, तवापासून आम्ही नवरा-बायको लातूरच्या जुन्या रेल्वे यार्डात पत्र्याच्या खोलीत राहायचो. दारापुढं हिनं मेथीचा वाफा केला होता. पुढं तिथं क्लासच्या पोरांसाठी हॉस्टेल ठरलं.

माती तपासायला आलेले साहेब म्हणाले, "आजोबा, इंजिनाचं तेल मुरलंय. विषारी आहे. पोरं राहणार, सगळी माती उकरून काढावी लागेल."

"आन् आमी इतकी वर्षं मेथी खाल्ली ती?"

साहेब हसले. "तुम्ही तर धडधाकट आहात की!"

आम्हाला औसा रोडला खोलगट जागा मिळाली, भर टाकून सपाट केलेली. हिनं वाफ्यासाठी उकरलं, मूठभर माती नाकाशी धरली.

"अवो, तेलाचा वास येतोय. आपलीच माती आणून टाकली की हितं!"